तज्ज्ञ खरा, पण धनी कोण?

राजकारणी लोकांना अर्थकारणातले काही कळत नाही आणि जे कळते ते स्वतःच्या खिशापुरते. तेव्हा तिजोरीच्या किल्ल्या एखाद्या निष्णात बँकरच्या हाती द्याव्यात आणि निर्धास्त व्हावे, असा सूर सुशिक्षित मध्यमवर्गात नेहमीच ऐकू येतो. अलीकडे तो कामगार वस्त्यांतही उमटू लागला आहे, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये तो उमटावा याचे नवल वाटण्याचे कारण नाही. पिंपरीत मुख्य कचेरी असलेल्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला. त्याच्या आदल्याच महिन्यात पुण्याच्या रुपी सहकारी बँकेचा शेवट झाला होता. तिच्या ठेवीदारांनी तर फेब्रुवारी २०१३ पासून साडेनऊ वर्षे निर्बंधांखाली काढली होती. भोसरी-आकुर्डीच्या कारखान्यांत तीन पाळ्यांत राबून निवृत्त झालेला माणूस आपली फंडाची रक्कम कोपऱ्यावरच्या बँकेत ठेवतो, कारण तिथला शिपाई ओळखीचा असतो आणि व्याज अर्धा-पाऊण टक्का जास्त मिळते. एके दिवशी त्या बँकेच्या दाराला नोटीस लागते. अशा माणसाने ‘निदान बँक कळणारा माणूस तरी निवडून द्या’ असे म्हटले, तर त्याच्यावर रागावून भागणार नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे.

या मताच्या पुष्ट्यर्थ महाराष्ट्रात हमखास एक नाव घेतले जाते, ते चिंतामणराव देशमुखांचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि महाराष्ट्रावरील अन्यायाच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे स्वाभिमानी पुरुष. नाव घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. परंतु त्यांनी चिंतामणरावांचे चरित्र अर्धेच वाचलेले असते. ते पूर्ण वाचले तर त्यातून निघणारा निष्कर्ष तज्ज्ञशाहीच्या भक्तांना मुळीच मानवणारा नाही.

साम्राज्याचा बँकर

महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेला हा मुलगा बुद्धीने असामान्य होता, याविषयी दुमत नाही. संस्कृतात निष्णात, केंब्रिजचा पदवीधर, १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत पहिला. मेघदूताचे मराठी भाषांतर करणारा हा सनदी अधिकारी १९४१ साली रिझर्व्ह बँकेचा डेप्युटी गव्हर्नर झाला आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर. पुढच्याच वर्षी त्याला ‘सर’ हा किताब मिळाला.

ते साल कोणते होते? १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे साल. सुमारे तीस लाख माणसे त्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत मेली. धान्याची साठेबाजी, सरकारी खरेदीतला गोंधळ, जपान्यांच्या भीतीने केलेली होड्यांची जप्ती ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी असलेल्या चलनवाढीकडे पुरेसे लक्ष जात नाही. ब्रिटन भारतात युद्धासाठी माल आणि मनुष्यबळ खरेदी करी. त्याची किंमत मात्र लंडनमध्ये स्टर्लिंगच्या कागदांत जमा होई. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याने हे स्टर्लिंगचे कागद नोटांचे तारण म्हणून चालत. म्हणजे लंडनला कागद जमा झाला की इकडे छापखाना फिरू लागे. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या असलेल्या नोटा युद्ध संपता संपता १,२०० कोटींच्या आसपास पोचल्या. धान्य, कापड, रॉकेल सैन्याकडे गेले आणि जनतेच्या हाती नोटा राहिल्या. ज्या शेतमजुराची मजुरी भावाच्या मागे धावू शकली नाही, तो उपाशी मेला. युद्धखर्चासाठी लोकसभा नसलेल्या देशावर बसवलेला हा एक कर होता आणि तो गरिबाच्या ताटातून वसूल झाला.

हे सारे चिंतामणरावांनी केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते गव्हर्नर झाले तेव्हा भाव भडकून चुकले होते. १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने लंडनला साठलेल्या या येण्याचा प्रश्न काढला, त्या शिष्टमंडळात तेही होते. ब्रिटनने तो प्रश्न परिषदेच्या कामकाजातून बाजूला सारला. मुद्दा असा की, देशातला सर्वांत बुद्धिमान बँकर देशाच्या सर्वोच्च बँकेच्या खुर्चीवर बसलेला असताना त्याच्या ज्ञानाचा बंगालमधल्या एकाही भुकेल्याला उपयोग झाला नाही. कारण त्या खुर्चीचा धनी लंडनमध्ये होता. ज्ञान चाकरीला लागते, आणि चाकरी धन्याची असते.

डाकारची खुर्ची

ही गोष्ट केवळ आपल्या पारतंत्र्याची असती तर इतिहासजमा म्हणून सोडून देता आली असती. परंतु पश्चिम आफ्रिकेकडे पाहावे. तेथील फ्रेंच वसाहती १९६० साली स्वतंत्र झाल्या. त्यांचे चलन मात्र स्वतंत्र झाले नाही. सीएफए फ्रँक हे त्यांचे समाईक चलन फ्रान्सच्या चलनाशी बांधलेले राहिले आणि त्यांच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या परकीय चलनाच्या गंगाजळीचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग पॅरिसच्या सरकारी खजिन्यात ठेवावा, असा करार दशकानुदशके चालू राहिला. दिल्लीची पुंजी लंडनला अडकावी तशी डाकारची पुंजी पॅरिसला अडकली.

या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर १९८८ ते १९९० या काळात अलासान वातारा होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत वाढलेला हा अर्थतज्ज्ञ १९९० साली आयव्हरी कोस्टचा पंतप्रधान झाला. कोकोचे जागतिक भाव कोसळले होते, शेतकऱ्याला मिळणारा भाव सरकारने निम्म्यावर आणला होता, कर्जाचे हप्ते थकले होते. अशा वेळी तज्ज्ञ हवा, असे सगळ्यांनी म्हटले. तज्ज्ञाने काय केले? नाणेनिधीच्या पठडीतली काटकसर, सार्वजनिक उद्योगांची विक्री, नोकरकपात. डिसेंबर १९९३ मध्ये ते पंतप्रधानपदावरून गेले. जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँकचे मूल्य एका रात्रीत निम्मे करण्यात आले आणि शहरातल्या पगारदाराची आयात औषधे दुप्पट महाग झाली. त्याच वर्षी वातारा नाणेनिधीचे उपव्यवस्थापकीय संचालक म्हणून वॉशिंग्टनला परतले.

पुढे २०१० च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर यादवी माजली, सुमारे तीन हजार माणसे मारली गेली आणि २०११ मध्ये फ्रेंच सैन्याच्या साहाय्याने त्यांचे राष्ट्राध्यक्षपद पक्के झाले. निवडून आलेले तेच होते, हे खरे. त्यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय उत्पन्न वेगाने वाढले, रस्ते आणि पूल झाले, हेही खरे. परंतु घटनेतील दोन मुदतींची मर्यादा नव्या घटनेचा आधार घेऊन ओलांडत त्यांनी २०२० साली तिसरी आणि २०२५ साली चौथी निवडणूक जिंकली. बँकर राजकारणात आला म्हणजे सत्तेचा लोभ आणि परकी ताबा आपोआप सुटतो, असे मानणाऱ्यांनी या चरित्राचा अभ्यास करावा. पॅरिसला गंगाजळी ठेवण्याची अट काढण्याची घोषणाही २०१९ च्या डिसेंबरात झाली, ती आफ्रिकेतल्या तरुणांनी रस्त्यावर सीएफएविरुद्ध आवाज उठवल्यानंतर.

धनी बदलला, बँकर बदलला

आता पुन्हा चिंतामणरावांकडे वळू. १९५० साली ते अर्थमंत्री झाले आणि १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. प्रौढ मतदानाने निवडलेल्या संसदेला ते जबाबदार झाले. माणूस तोच, विद्या तीच. परंतु पुढच्या सहा वर्षांतली कामगिरी पाहिली तर हाच का तो साम्राज्याचा बँकर, असा प्रश्न पडावा.

गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीने (धनंजयराव गाडगीळ या समितीचे एक सदस्य होते) १९५४ मध्ये देशापुढे आरसा धरला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सुमारे सत्तर टक्के सावकारांकडून येत होते. सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा एक टक्काही नव्हता. या पाहणीच्या आधारे इंपीरियल बँक सरकारने ताब्यात घेतली आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक जन्माला आली. पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घातले गेले. जिथे नफा नाही तिथेही बँक गेली पाहिजे, हे तत्त्व या देशाने प्रथम तेथे मान्य केले.

मग विमा. खासगी विमा कंपन्यांतला पैसा मालक आपल्या धंद्यात कसा फिरवतात, याचे वाभाडे फिरोझ गांधींनी १९५५ च्या डिसेंबरात लोकसभेत काढले होते. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री वटहुकूम निघाला आणि २४५ देशी-विदेशी विमा कंपन्या व संस्थांचा आयुर्विम्याचा कारभार सरकारकडे आला. अर्थमंत्र्यांनी ही बातमी आकाशवाणीवरून स्वतः देशाला सांगितली. आयुर्विमा महामंडळ त्यातून उभे राहिले. याच काळात, १९५४ साली, पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले. पिंपरी-चिंचवडची औद्योगिक नगरी असे ज्याला म्हणतात तिच्या पायाच्या पहिल्या दगडांत हा सार्वजनिक क्षेत्रातला कारखाना आहे, हे आज चाकणच्या चकचकीत मोटारींच्या जाहिराती पाहणाऱ्या तरुणाला कोणी सांगत नाही.

चिंतामणरावांची अर्थशास्त्राची पुस्तके १९४३ ते १९५६ या काळात बदलली नव्हती. धनी बदलला होता. स्वातंत्र्यलढ्याने, किसान-कामगारांच्या चळवळींनी आणि संसदेतल्या जागत्या विरोधकांनी राज्ययंत्रणेवर जे दडपण आणले होते, त्याने एका सनदी बँकरकडून राष्ट्रीयीकरण करून घेतले. श्रेय द्यायचेच तर दोघांना द्यावे. पण क्रम चुकवू नये.

राजीनामा

आणि मग १९५६ चा तो राजीनामा. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंडित नेहरूंनी जाहीर केला आणि मुंबईचे रस्ते रक्ताने भिजले. आंदोलनातल्या हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली; त्यांत गिरणी कामगार होते, हमाल होते, शाळकरी पोरे होती. चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला आणि जुलैमध्ये ते पदावरून बाहेर पडले. लोकसभेतील निवेदनात त्यांनी गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीस नकार देणाऱ्या सरकारला आणि मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता निर्णय करण्याच्या पंतप्रधानांच्या पद्धतीला उघड दोष दिला.

हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत उजळ क्षण होय. आणि तो त्यांच्या बँकिंगच्या ज्ञानातून आलेला नव्हता, ही गोष्ट तज्ज्ञशाहीच्या भक्तांनी नीट ध्यानात घ्यावी. मुंबईच्या मक्तेदार धनिकांचे गणित मुंबई महाराष्ट्राला देऊ नये असेच सांगत होते. ताळेबंद मांडणाऱ्याला ते पटावे असेच होते. एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती उभारली, तिच्या सभांना लाखांनी माणसे लोटली. त्या माणसांनी चिंतामणरावांना जे शिकवले ते केंब्रिजला शिकवत नव्हते. त्यांचे मोठेपण असे की, ते शिकले.

परंतु चरित्र तेथे संपत नाही. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बरोबर चार आठवड्यांनी, १६ ऑगस्टला, राष्ट्रपतिपदासाठी मतदान झाले. त्यात स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख! इंपीरियल बँक आणि विमा कंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या करणारा अर्थमंत्री, राष्ट्रीयीकरणाला कडवा विरोध करणाऱ्या पक्षाचा झेंडा खांद्यावर घेऊन उभा राहिला. याच स्वतंत्र पक्षाच्या रुस्तम कूपरांनी राष्ट्रीयीकरणाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि फेब्रुवारी १९७० मध्ये कायदा रद्द करून घेतला. सरकारला लगोलग नवा वटहुकूम काढावा लागला. चिंतामणराव व्यक्तिशः निःस्पृह राहिले, यात शंका नाही. परंतु जनतेच्या चळवळीशी असलेला धागा तुटला की निःस्पृह तज्ज्ञसुद्धा कोणाच्या अंगणात जाऊन उभा राहतो, याचा हा धडा आहे.

मालकी आहे, ताबा कुठे?

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळण्यासारखा नाही. राष्ट्रीयीकरण करून तरी काय साधले? आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन वर्ष होते न होते तोच त्याचा सव्वा कोट रुपये मुंदडाच्या कंपन्यांचे शेअर घेण्यात गेले आणि १९५८ मध्ये टी. टी. कृष्णमाचारींना अर्थमंत्रिपद सोडावे लागले. २०२२ पर्यंतच्या पाच वर्षांत बँकांनी दहा लाख कोटी रुपयांहून अधिक कर्जे वहीबाहेर काढली. वहीबाहेर काढणे म्हणजे माफी नव्हे, असे सरकार सांगते. ते शब्दशः खरे आहे. पण याच काळात अशा खात्यांतून परत आलेली रक्कम एक लाख बत्तीस हजार कोटींच्या आसपास होती, हा हिशेबही सरकारनेच दिलेला आहे. उरलेले कोणाच्या घरात गेले, हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तेव्हा सरकारी मालकी म्हणजे समाजवाद नव्हे, हे समाजवाद्यांनी स्वतःशी प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. मालकी ही पहिली पायरी. ताबा ही दुसरी. १९७० च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने बँकेच्या संचालक मंडळावर कर्मचारी, ठेवीदार, शेतकरी, कामगार आणि कारागीर यांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद केली होती. पुढच्या दुरुस्त्यांनी ती पातळ केली आणि २०१४ नंतर बहुतेक सरकारी बँकांतल्या कर्मचारी संचालकांच्या खुर्च्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. जिथे लोकांचा माणूस बसायचा तिथे कोणीच बसला नाही. मग हीच अव्यवस्था दाखवून खासगीकरणाचा उपाय सुचवला जातो. आयुर्विमा महामंडळाचा साडेतीन टक्के हिस्सा मे २०२२ मध्ये शेअर बाजारात गेला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कामगारांचे पगार थकले आणि देणी भागवण्यासाठी जादा जमीन विकावी, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये घेतला. पेनिसिलिनसाठी दिलेल्या जमिनीकडे आता बिल्डरांची नजर लागली तर त्यात आश्चर्य कसले?

सहकारी बँकेचे दुखणे वेगळे आहे आणि ते पिंपरीच्या ठेवीदाराला नीट समजावून सांगितले पाहिजे. सहकारी बँकेत कर्ज घ्यायचे तर भागभांडवल घ्यावे लागते. म्हणून कर्जदार हा सभासद असतो, त्याला मत असते. ज्याच्या ठेवींवर बँक चालते तो ठेवीदार बहुधा सभासदच नसतो, त्याला मत नसते. एक माणूस एक मत हे सहकाराचे तत्त्व येथे कर्जदारांची कर्जदारांनी चालवलेली बँक असे रूप घेते. मग पुढारी अध्यक्ष होतो, बिल्डर संचालक होतो आणि तारणाचे मूल्यांकन करणारा त्यांच्याच पंक्तीला जेवतो. मुंबई प्रांतिक सहकारी बँकेत साडेतीन दशके खपून १९४६ साली मुंबई प्रांताचे मंत्री झालेले वैकुंठभाई मेहताही बँकरच होते. परंतु सहकारी पतपुरवठा ही त्यांच्या लेखी लोकशिक्षणाची शाळा होती. आज त्यांच्या नावाची संस्था पुण्यात उभी आहे आणि तिच्या पंचक्रोशीत सहकारी बँका बुडत आहेत.

रिझर्व्ह बँकेत तज्ज्ञांचा तुटवडा नव्हता. तपासण्या होत होत्या, अहवाल लिहिले जात होते. तरीही ठेवीदाराला कळले ते दाराला नोटीस लागल्यावर. ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाखावर गोठलेली होती. ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी मुंबईच्या रस्त्यावर आक्रोश केल्यानंतर. त्यामुळेच सेवा विकास आणि रुपी या दोन्ही बँकांच्या सुमारे ९९ टक्के ठेवीदारांच्या ठेवी विम्याच्या कक्षेत आल्या. म्हणजे पिंपरीच्या निवृत्त कामगाराचे जे काही पैसे वाचले ते कोणा बँकरच्या बुद्धीने वाचले नाहीत. त्याच्यासारख्याच दुसऱ्या ठेवीदाराने मुंबईत घसा फोडला म्हणून वाचले.

कार्यकर्त्यांनी काय करावे

पक्षाने बँकरला उमेदवारी देऊ नये, असा या लेखाचा अर्थ कोणी काढू नये. हिशेब कळणारी माणसे चळवळीत हवीतच; ती फार थोडी आहेत, हीही चळवळीची एक उणीव आहे. परंतु तज्ज्ञ हा कार्यकर्त्यांचा सल्लागार असावा, त्यांचा तारणहार नसावा.

पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात कारखान्यागणिक कामगारांच्या पतपेढ्या आहेत. त्यांच्या वार्षिक सभा अर्ध्या तासात, चहा-बिस्किटांवर आटोपतात. तेथे ताळेबंद वाचून दाखवण्याचा आग्रह धरणे, थकबाकीदारांची यादी मागणे, लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांवर चर्चा घडवणे हे काम कोणत्याही शाखेला उद्यापासून करता येईल. कंत्राटी कामगाराला सभासद करून घेण्याची मागणी तेथेच करावी, कारण पतपेढीचे दार बंद झाले की तो मोबाइलवरच्या सावकाराच्या तावडीत सापडतो. सहकारी बँकांच्या संचालक मंडळांवर ठेवीदारांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीतील गंभीर दोष ठेवीदारांना वेळीच कळवण्याचे बंधन असावे, सरकारी बँकांतल्या कर्मचारी संचालकांच्या जागा भराव्यात, या मागण्या घेऊन ठेवीदारांच्या समित्या उभ्या कराव्यात. काम कंटाळवाणे आहे. त्यात मोर्चाची धुंदी नाही. परंतु ताबा याच कंटाळवाण्या कामातून येतो.

चिंतामणराव देशमुख १९८२ साली गेले. त्यांच्या स्मृतीला वंदन करताना समाजवाद्यांनी त्यांचा गव्हर्नरचा किताब आठवू नये, १९५६ ची जुलै आठवावी. त्या महिन्यात देशाच्या अर्थमंत्र्याने रस्त्यावर पडलेल्या माणसांचा हिशेब मागितला होता. पिंपरीच्या ठेवीदाराला बँक कळणारा माणूस हवा असेल तर पक्षाने त्याला सांगावे की, तो माणूस तूच आहेस. बँक शिकून घे, सभेला जा आणि हिशेब माग.